म्यानात राहिलेली तलवार : यामाओका तेश्शू यांचे जीवन आणि आपले तरुण

गेल्या काही वर्षांत वाढदिवसाला तलवारीने केक कापायची टूम गल्लोगल्ली आली आहे. व्हिडिओ मोबाईलवर फिरतो, पोलीस शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवतात आणि ऐन नोकरीच्या वयातला मुलगा कोर्टाच्या तारखा मोजू लागतो. ही टूम एकट्या आपल्या समाजाची नाही, पण आपल्या मुलांनाही ती लागली आहे. त्यात जपानी सिनेमे आणि ॲनिमे यांमुळे 'कताना' या जपानी तलवारीचे आकर्षण वाढले आहे. पडद्यावर दिसणाऱ्या या तलवारींपैकी एक तरुणांना फार आवडते. तिची मूठ आणि म्यान दोन्ही साध्या, फिकट, न रंगवलेल्या लाकडाची असतात. बंद असताना ती एखाद्या गुळगुळीत काठीसारखी दिसते.

या तलवारीबद्दल बोलायचे तर ती बनवणाऱ्या देशातल्या एका बौद्ध उपासकाबद्दल बोलावे लागेल. त्यांचे नाव यामाओका तेश्शू. तलवारबाजीत त्यांच्या काळातल्या अव्वल लोकांत त्यांची गणना होत असे. तरीही त्यांनी आयुष्यात एकाही माणसाला मारले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दीक्षाभूमी आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस यांमुळे जपानी बौद्ध परंपरा आपल्याला परकी राहिलेली नाही. म्हणून हे चरित्र आपल्या तरुणांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटले.

लाकडात विसावलेले पाते

जपानी तलवारीचे पोलाद नदीकाठच्या लोहवाळूपासून बनते. मातीच्या भट्टीत वाळू आणि कोळसा यांचे थर देऊन काही दिवस आग धगधगत ठेवतात. त्यातून निघालेले पोलाद लोहार तापवतो, ठोकतो, दुमडतो आणि पुन्हा ठोकतो. शेवटी पात्यावर मातीचा लेप देऊन ते तापवतात आणि पाण्यात विझवतात. धारेकडे लेप पातळ असल्याने ती बाजू झटकन थंड होऊन कठीण बनते. पाठीकडे लेप जाड असतो, म्हणून पाठ लवचीक राहते. आज जपानमध्ये हे काम करायला लोहाराला परवाना लागतो आणि महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात.

साध्या लाकडाच्या म्यानाला जपानीत 'शिरासाया' म्हणतात, म्हणजे पांढरे म्यान. त्यासाठी वापरतात ते होनोकी नावाचे झाड आपल्या सोनचाफ्याच्या कुळातले आहे. हे लाकूड मऊ असते, त्यात राळ कमी असते, त्यामुळे पात्याला चरे पडत नाहीत आणि गंजही चढत नाही. लाकडाचे दोन भाग आतून कोरून भाताच्या खळीने चिकटवतात. उद्या आतून साफ करायचे झाले, तर ते पुन्हा सोडवता यावेत हा त्यामागचा हेतू. मुठीला दोरा नाही, चामडे नाही, हात वाचवणारी लोखंडी चकती नाही. एक बांबूची खुंटी काढली की पाते हातात येते.

सिनेमात या तलवारीने हाणामारी करतात, पण प्रत्यक्षात तसे करणे धोक्याचे आहे. गुळगुळीत लाकडावरून हात घसरतो आणि जोराच्या घावाने मूठ फुटू शकते. शिरासाया लढण्यासाठी नसतेच. पाते नीट जपून ठेवण्यासाठी ती असते. ज्या रूपाला पाहून आपली मुले थरारतात, ते खरे तर विसावलेल्या तलवारीचे रूप आहे.

रागावलेला तरुण

तेश्शू यांचा जन्म 1836 साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ओनो या सामुराई घराण्यात झाला. ते दहा वर्षांचे असताना वडिलांची नेमणूक डोंगराळ हिदा प्रांतात, ताकायामा येथे झाली. तिथे त्यांनी तलवार आणि सुलेखन या दोन विद्या शिकल्या. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. पाठच्या लहान भावांना घेऊन ते एदोला परतले. पुढे भालाफेकीत नव्हे तर भाल्याच्या लढाईत नावाजलेले गुरू यामाओका सेइझान यांच्याकडे ते शिकले. गुरू अकाली वारले, तेव्हा त्यांच्या बहिणीशी लग्न करून तेश्शू यांनी त्या घराण्याचे नाव लावले.

घरात दारिद्र्य होते आणि देशात खळबळ. 1853 साली अमेरिकेच्या युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला लागल्या आणि सामुराई तरुण पेटून उठले. परकीयांना हाकला म्हणणाऱ्या कियोकावा हाचिरो यांच्या गटात तेश्शूही सामील झाले. पुढे हाचिरो यांची हत्या झाली आणि तेश्शू यांना काही काळ नजरकैदेत राहावे लागले. राग, अभिमान आणि देहाची ताकद या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या. त्या काळच्या जपानी माणसाच्या मानाने ते फारच धिप्पाड होते. असा तरुण कोणत्या वाटेला जातो, हे आपल्याला आपल्या आजूबाजूला पाहूनही सांगता येईल.

त्यांची वाट बदलली ती एका पराभवाने. 1863 च्या सुमारास आसारी योशिआकी या तलवारबाजाशी त्यांचा सामना झाला. आसारी देहाने लहान होते, पण तेश्शू यांची ताकद त्यांच्यापुढे चालली नाही. तेश्शू यांनी हार मान्य केली आणि त्यांचेच शिष्यत्व पत्करले. पण मन शांत होईना. डोळे मिटले की आसारी तलवार रोखून पुढे उभे दिसत. प्रत्यक्षातल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा हा मनातला प्रतिस्पर्धी मोठा झाला होता. त्यावर उपाय म्हणून तेश्शू ध्यानाकडे अधिक जोराने वळले. दिवसा तलवार आणि रात्री ध्यान, असा क्रम पुढे सतरा वर्षे चालला.

सुनपूचा रस्ता

1868 साली जपानमध्ये यादवी पेटली. सम्राटाच्या नावाने उभे राहिलेले सैन्य एदोवर चाल करून येत होते. शेवटचे शोगुन तोकुगावा योशिनोबु यांनी शरणागतीची तयारी ठेवून स्वतःला एका बौद्ध मंदिरात कोंडून घेतले होते. एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात होती आणि घरे लाकडाची. हल्ला झाला असता तर शहर जळून खाक झाले असते.

शोगुनचा निरोप शत्रूच्या सेनापतीपर्यंत पोहोचवायचे काम एकतीस वर्षांच्या तेश्शू यांच्याकडे आले. ते आधी कात्सु काइश्यू या शोगुनच्या अधिकाऱ्याला भेटले. कात्सु यांनी त्यांना पत्र दिले आणि साथीला सात्सुमा प्रांताचा, म्हणजे शत्रुपक्षाचाच, एक कैदी सोडून दिला. घरची गरिबी इतकी होती की जाताना तलवारही मित्राकडून उसनी घेतली, असे सांगतात.

वाटेत शत्रूच्या छावण्या लागल्या. तेश्शू लपूनछपून गेले नाहीत. आपण शोगुनचे सेवक आहोत आणि सेनापतींना भेटायला निघालो आहोत, असे मोठ्याने सांगत ते पहाऱ्यांमधून चालत गेले. सुनपू, म्हणजे आजच्या शिझुओका येथे, सेनापती साइगो ताकामोरी यांच्याशी त्यांची भेट झाली. साइगो यांनी अटी मांडल्या. किल्ला द्या, शस्त्रे द्या, युद्धनौका द्या, आणि शोगुनला बिझेन प्रांताच्या ताब्यात पाठवा. शेवटची अट तेश्शू यांनी नाकारली. तुमच्या स्वतःच्या धन्याला असे शत्रूच्या हाती द्यायची वेळ आली तर तुम्ही ते कराल का, असा त्यांचा साइगो यांना सवाल होता. साइगो यांनी विचार केला आणि ती अट आपल्या जबाबदारीवर सोडली.

त्यानंतर काही दिवसांनी कात्सु आणि साइगो यांची एदोत बोलणी झाली, ठरलेला हल्ला थांबला आणि किल्ला लढाईविना सुपूर्द झाला. पुढे उएनो येथे एक दिवसाची चकमक झाली आणि उत्तरेत युद्ध आणखी वर्षभर चालले, हे खरे. पण दहा लाखांचे शहर जळायचे वाचले. त्यात उसन्या तलवारीचे पाते म्यानाबाहेर आले नाही.

इथे आम्हाला बाबासाहेबांनी सांगितलेला सिद्धार्थाचा निर्णय आठवतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांवर युद्ध पुकारायला निघाले, तेव्हा सिद्धार्थ संघाच्या सभेत विरोधात उभा राहिला. बहुमत विरुद्ध गेले, तरी त्याने शस्त्र उचलले नाही आणि परिव्रज्या पत्करली. युद्ध नको म्हणायला युद्ध करण्याहून कमी धैर्य लागते, असे ज्याला वाटते त्याने या दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचाव्यात.

हरलेल्यांची माणसे

युद्धात जिंकलेल्यांना पदे मिळाली आणि हरलेले सामुराई उघड्यावर आले. त्यातले हजारो तोकुगावा घराण्यामागे शिझुओकाला गेले. पोटाला अन्न नाही, हाती तलवार आणि मनात सूड, अशी त्यांची स्थिती होती. तेश्शू आणि कात्सु यांच्या पाठबळाने त्यातल्या अनेकांनी 1869 पासून माकिनोहाराच्या ओसाड पठारावर कुदळी मारल्या आणि चहाची लागवड केली. आज हे पठार जपानमधल्या मोठ्या चहाच्या मळ्यांपैकी एक आहे.

याच काळातली आणखी एक घटना. 1868 साली शिमिझु बंदरात कानरिन मारू या शोगुनपक्षाच्या जहाजावर हल्ला झाला. मारलेल्यांची प्रेते समुद्रात टाकली गेली. ती बंदोस्तात तरंगत राहिली, पण बंडखोरांना हात लावला तर शिक्षा होईल या भीतीने कोणी पुढे येईना. शेवटी जिरोचो नावाचा जुगारी टोळीचा म्होरक्या होडी घेऊन गेला आणि त्याने प्रेते बाहेर काढून पुरली. मेलेल्या माणसाला पक्ष नसतो, ही त्याची भूमिका होती. तेश्शू यांना ते कळले, तेव्हा त्यांनी त्याला दूषण दिले नाही. पुढे त्या थडग्याच्या दगडावरची अक्षरे त्यांनी स्वतः लिहिली. गुंड म्हणून ओळखला जाणारा जिरोचो त्यांच्या सहवासात बदलत गेला आणि पठार फोडून शेती करण्यासारख्या कामांत रमला.

तलवारीशिवाय

1872 पासून तेश्शू यांनी दहा वर्षे तरुण सम्राट मेइजी यांच्या सेवेत काढली. त्या काळातला एक किस्सा जपानमध्ये आजही सांगतात. किमुरा नावाच्या बेकरीवाल्याने गोड डाळीचे सारण भरलेला पाव बनवला होता. 4 एप्रिल 1875 रोजी तो सम्राटापुढे ठेवला गेला, तो तेश्शू यांच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, सरकारने सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली. सैन्य आणि पोलीस सोडून कमरेला तलवार लावायचा हक्क कोणालाच राहिला नाही. तलवार हीच ज्यांची ओळख होती, त्यांच्यापैकी काहींनी बंड केले. तेश्शू यांचा सराव मात्र चालूच राहिला, कारण त्यांच्या शोधाचा विषय कमरेची तलवार नव्हता.

क्योतोच्या तेनर्यू-जी मंदिराचे आचार्य तेकिसुई यांनी त्यांना चिंतनासाठी एक कोडे दिले होते. दोन तलवारी एकमेकींना भिडल्या आहेत आणि मागे सरायला जागा नाही, असा त्याचा आशय. ते सुटेना. एक दिवस एक व्यापारी सुलेखन मागायला आला आणि बोलता बोलता आपल्या धंद्याची हकिकत सांगून गेला. नफा होईल की तोटा, या धास्तीत असताना त्याला मोठा व्यवहार जमत नसे. ती धास्ती सोडून काम करू लागल्यावर धंदा वाढला. तेश्शू यांना त्यात आपला आजार दिसला. त्या काळच्या जपानी समाजरचनेत व्यापारी हा सामुराईच्या कितीतरी खाली होता. तरी त्याचे बोलणे त्यांनी गुरूच्या बोलण्याइतके मनावर घेतले.

काही दिवस त्यांनी त्याच विचारात काढले. 30 मार्च 1880 रोजी पहाटे ध्यानात बसले असताना मनातले आसारी दिसेनासे झाले. ते प्रत्यक्ष आसारींकडे गेले. दोघे समोरासमोर उभे राहिले आणि आसारींनी लढण्याआधीच आपली लाकडी तलवार खाली ठेवली. शिष्य पोहोचला आहे, हे त्यांनी ओळखले होते.

यानंतर तेश्शू यांनी आपली शाखा काढली आणि तिला नाव दिले 'मुतो', म्हणजे तलवार नसणे. मनाबाहेर तलवार नाही, हा त्याचा अर्थ. मनात शत्रू उभा असेपर्यंत माणूस भितो, आणि भिणारा माणूस घाव घालतो. शत्रूच मनातून गेला, तर हातात काय आहे याला महत्त्व उरत नाही. त्यांच्या आखाड्यात शिकवणी चाले ती बांबूच्या आणि लाकडाच्या तलवारींनी. शिस्त मात्र विलक्षण कडक होती. वर्षानुवर्षे सराव केलेल्या शिष्याला एका दिवसात 200 सामने खेळावे लागत. त्यापुढची परीक्षा तीन दिवसांत 600 सामन्यांची आणि शेवटची सात दिवसांत 1400 सामन्यांची. देहाची ताकद संपल्यावर जे उरते ते तपासायची ही पद्धत होती.

तलवार दिली, मंदिर बांधले

1882 साली तोकुगावा घराण्याने एदो वाचवल्याच्या कृतज्ञतेपोटी तेश्शू यांना एक तलवार भेट दिली. ती जपानचे सर्वांत नामांकित लोहार मासामुने यांची मानली जाते. मासामुने यांचा काळ आजपासून साधारण सात शतकांपूर्वीचा. कोणत्याही तलवारबाजाने ती जन्मभर जपली असती. तेश्शू यांनी ती स्वतःजवळ ठेवली नाही, राज्यकर्ते इवाकुरा तोमोमी यांना देऊन टाकली. आज ती टोकियोच्या तलवार संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. 1868 पासून नव्या राजवटीने शिंतो धर्म बौद्ध धम्मापासून वेगळा काढला आणि देशभर बौद्धविरोधी लाट उसळली. मंदिरे पाडली गेली, बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या, भिक्खूंना चीवर उतरवायला लावले. अशा काळात सम्राटाच्या जवळच्या माणसाने उघडपणे मंदिरांच्या मागे उभे राहणे सोपे नव्हते. तेश्शू यांनी ते केले. ते रोज शेकड्यांनी सुलेखने लिहीत आणि त्यांतून मिळणारा पैसा मंदिरांना आणि गरजूंना देत. स्वतःच्या घरात मात्र टंचाई कायम होती. 1883 साली टोकियोच्या यानाका भागात त्यांनी झेन्शो-आन हे मंदिर उभारले, ते यादवीत मेलेल्यांच्या स्मृतीसाठी. शेवटच्या वर्षांत त्यांनी संपूर्ण त्रिपिटक हाताने लिहून काढायला घेतले होते.

पोटाच्या कर्करोगाने त्यांचा देह पोखरला होता. 19 जुलै 1888 रोजी, वयाच्या 52 व्या वर्षी, त्यांनी ध्यानाच्या आसनात बसून शेवटचा श्वास घेतला. झेन्शो-आनमध्येच त्यांची समाधी आहे.

यातून आपण काय घ्यावे

आम्ही तेश्शू यांना संत करून देव्हाऱ्यात बसवायला सांगत नाही. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. जपानची तलवार हे जन्माने मिळणाऱ्या वर्चस्वाचे चिन्ह होते. कमरेला दोन तलवारी लावायचा मान सामुराईंचा. त्यांच्या चिलखताला लागणारे चामडे कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे लोक मात्र अस्पृश्य मानले जात. 1871 च्या फर्मानाने कायद्यातला भेद गेला, पण समाजातला राहिला. त्यांच्या वंशजांना, बुराकुमीनांना, 1922 साली क्योतोत सुइहेइशा ही आपली संघटना उभारावी लागली. बौद्ध मंदिरांनीही मृतांच्या नावांमध्ये हा भेद पाळला होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ढोरे ओढली, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

दुसरा प्रश्न युद्धाचा. तेश्शू यांच्यानंतरच्या पिढ्यांत झेन आणि तलवार एकच आहेत, हा विचार लष्कराच्या कामी लावला गेला. कारखान्यात घाऊक बनवलेल्या तलवारी घेऊन अधिकारी चीन आणि आग्नेय आशियात गेले आणि अनेक धर्मगुरूंनी त्यांना आशीर्वाद दिले. 1992 साली सोतो झेन पंथाने याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. शील बाजूला ठेवून नुसते ध्यान केले की ते कोणाच्याही हातचे हत्यार होते, हा त्यातला धडा आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. त्यामुळे आपला धम्म दुबळेपणा शिकवतो, असे कोणी म्हणू नये. आपल्या समाजाला सैनिकी परंपरा आहे, स्वतः बाबासाहेब सुभेदार रामजींचे पुत्र होते. पण वाढदिवसाच्या केकवर उगारलेल्या तलवारीत ना गरज आहे ना शौर्य. आपल्याला कोणी मोजत नाही, ही त्यामागची सल आम्हाला कळते. ती सल खरी आहे, उपाय खोटा आहे. व्हिडिओ दोन दिवसांत विसरला जातो, गुन्ह्याची नोंद राहते, आणि पोलीस पडताळणीत ती पुढे येते तेव्हा आई-वडील वकिलाच्या दारात उभे असतात.

तेश्शू यांनाही तरुणपणी हीच सल होती. त्यांनी तिचे काय केले, तेवढे आपण घ्यावे. हरल्यावर हरलो म्हटले. ज्याने हरवले त्याच्याकडे शिकायला गेले. सतरा वर्षे रोज बसले. वेळ आली तेव्हा शत्रूच्या छावणीतून ताठ मानेने चालत गेले आणि मुद्द्याने अट मागे घ्यायला लावली. आपल्या कार्यकर्त्याला तहसील कचेरीत, पोलीस ठाण्यात, विद्यापीठात नेमके हेच करायचे असते.

लाठीकाठी, कराटे, तलवारबाजी जरूर शिकावी. मुलींनी तर शिकावीच. विहाराच्या अंगणात संध्याकाळी असा वर्ग चालत असेल, तर त्याच वर्गाच्या शेवटी वीस मिनिटे आनापान घ्यावे, एवढी आमची सूचना आहे. यासाठी नवा निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. वर्ग घेणाऱ्याने आधी स्वतः बसायला हवे, इतकेच.

जय भीम! नमो बुद्धाय!